धोटा

अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात
मी रात्रपाळीचा वॉचमन. राजेशम मादगुंडी,
माजी नाईक, सिग्नल.
गेटसमोरच्या टपरीत टीव्ही चालू असतो.
आज त्यातला माणूस घसा फोडून सांगतोय : घुसून मारलं, घुसून.
त्याच्यामागं नकाशा, नकाशावर लाल बाण.
सिद्राम विचारतो, मामा, तुम्ही कधी गेलता का हो पलीकडं?
मी म्हणतो, साखर कमी टाक.

आमच्या वेळी बाण नव्हते.
आम्ही अकरा जण त्या रात्री कुठंच गेलो नव्हतो.
बिल्ले काढून ठेवले, घरची पत्रं, पाकिटं,
माझ्या गळ्यातला मार्कंडेय.
पाठीवर नऊ किलोचा वायरलेस,
आणि त्याच्यावर न बोलणं हे माझं काम.
कानात नुसती खरखर.
साखर पेठेत आमच्या मागावर धागा तुटला
की खटखट थांबून अशीच पोकळी पडायची,
झोपलेला नान्ना ताडकन उठून बसायचा.

नान्नाचा धोटाही ओलांडून जायचा,
ह्या काठाहून त्या काठाला, मिनिटाला शंभरदा.
पण धोटा जाताना धागा सोडत जातो,
म्हणून तर कापड होतं.
आम्हाला हुकूम होता : मागं धागासुद्धा ठेवायचा नाही.

तिकडं काय पाहिलं ते थोडकंच आहे.
स्टोव्हवर चहा उकळत होता.
खाटेवर चादर होती, आणि मी,
कोष्ट्याचा पोर, तेवढ्या धांदलीत
तिचा काठ उलटून पाहिला.
आपली नव्हती.
वीण मात्र चांगली होती.
बाकी सगळं नऊ मिनिटांत झालं.

परतताना नागनाथ मुळूक पडला,
मंगळवेढ्याकडचा, कायम ज्वारीच्या गप्पा मारणारा.
तीन तास खांद्यावर वाहून
आम्ही त्याचं मरण अलीकडं आणलं.
कागदावर लिहिलं : गस्तीवर असताना, आपल्या हद्दीत.

सुट्टीत त्याच्या घरी गेलो.
आई सुपात ज्वारी पाखडत होती.
कुठं पडला, हे तिनं विचारलंच नाही.
म्हणाली, पायात बूट होते का रं त्याच्या?
बारकं असताना लई अनवाणी हिंडायचं.
होते, मी म्हणालो. दोन्ही.
पेटी बंद करायच्या आधी कोठारातला नवा जोड घातला होता.
त्याचा स्वतःचा डावा, आठ नंबरचा,
ओढ्यात निसटला होता, पलीकडच्या अंगाला.
मी ऐकलं होतं. थांबायचं नव्हतं.

तेव्हा छापा लपवल्यानं पुरा व्हायचा.
ते म्हणायचे कुणी आलं नाही,
आम्ही म्हणायचो कुणी गेलं नाही,
आणि त्या एका खोट्यावर दोन्हीकडचे साहेब
रात्रीपुरते झोपायचे. लढाई तिथंच मिटायची.
आता सांगितल्याशिवाय छापा होतच नाही.
रात्री नऊला नकाशा ताटात येतो,
आणि मग पलीकडच्यालाही
आपला एक बाण काढावाच लागतो.

आत शेडमध्ये नवे माग आलेत, बिनधोट्याचे.
हवाच धागा फेकते, मिनिटाला सहाशेदा.
यन्नमांचा पोरगा पडद्यावर आकडे बघत बसतो,
म्हणतो, मामा, आता कुणाचं बोट जात नाही.
खरंय. नान्नाचं गेलं होतं.
माणूसच जात नाही आता पलीकडं,
तर चादरीचा काठ
कोण उलटून बघणार.

सिद्राम शटर ओढताना पुन्हा : खरंच नाही गेलता?
टीव्ही बंद कर आधी, बिल येतंय, मी म्हणतो,
आणि अडीचच्या फेरीला निघतो.
मागच्या भिंतीशी, रंगाचं पाणी वाहतं त्या नाल्यावर
डावा पाय अजून
चाचपूनच टाकतो.